नवी गाडी किती टायरची?

आमची दहा टायरची गाडी दिवाळीआधी विकली. अण्णांनी ती अकरा वर्षं स्वतः चालवली. पाठीच्या दुखण्यानं त्यांचं स्टेअरिंग सुटलं, तेव्हापासून भाडं, पासिंग, टायर, डिझेल सगळा हिशेब माझ्याकडे आहे. दारात आता एक बारा टायर उरली होती. तिच्या जोडीला दुसरी कोणती आणायची यावर घरात दीड महिना बोलणं चाललं. पुन्हा बारा टायर, की चौदा, की एकदम ५५ टनी ट्रेलर? एक-दोन गाड्यांवर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो, म्हणून आमचा हिशेब मांडते.

आधी वजनाचं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक्सलवरच्या, म्हणजे चाकं बसवलेल्या आडव्या दांड्यावरच्या, वजनाची मर्यादा वाढवली. पुढच्या दोन टायरच्या एक्सलला ७ टन, मागच्या चार टायरच्या एकट्या एक्सलला साडेअकरा, मागच्या जोडीला २१ आणि ट्रेलरच्या तीन एक्सलना मिळून २७. हे आकडे पाठ असले की गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट चालणारं एकूण वजन, तोंडी निघतं. दहा टायर म्हणजे ७ आणि २१, झाले २८. बारा टायरला पुढं दोन स्टेअरिंग एक्सल, म्हणून ३५. चौदा टायरला मध्ये दोन टायरची लिफ्ट एक्सल, म्हणजे हवी तेव्हा वर उचलता येणारी, येते, आणखी ७ वाढतात, ४२. ट्रेलरला ७, २१ आणि २७ मिळून ५५.

यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करायचं. आमची बारा टायर बॉडीसकट साडेदहा टनांची, म्हणजे माल साडेचोवीस टन. चौदा टायरला तीसच्या आसपास बसतो, ट्रेलरला एकोणचाळीसपर्यंत. नुसतं हे पाहिलं तर ट्रेलरच घ्यावा. अण्णांचंही सुरुवातीला तेच मत होतं.

पण आम्ही जालन्याचे. आमचा माल म्हणजे सळई, आणि सळई बारा मीटरची असते. साध्या ट्रकच्या बॉडीत ती सरळ मावत नाही. आठ-दहा मिलिमीटरची सळई मधोमध वाकवून भरतात, साइटवर पुन्हा सरळ करतात. पंचवीस आणि बत्तीस मिलिमीटरचा माल मात्र सरळच न्यावा लागतो. पुलांची, मोठ्या टॉवरची ती भाडी ट्रेलरवाल्यांकडे जातात आणि ती चांगली असतात, हे मान्य.

प्रश्न परतीचा आहे. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि मुंबईच्या बाजूनं येताना आम्हाला भंगारच मिळतं. भंगाराला उंच फाळके हवेत. उघड्या प्लॅटफॉर्मच्या ट्रेलरवर ते कुठं टाकणार? जाताना एकोणचाळीस टन आणि येताना रिकामा, किंवा दोन दिवस थांबून मिळेल ते. मी आमच्या वहीतल्या मागच्या वर्षभराच्या खेपा काढल्या. परतीचं भाडं नसेल तर हप्ता ओढाताणीनं निघेल, हे अण्णांना आकड्यांवरून पटलं. ट्रेलर तिथं सुटला.

आता बारा की चौदा. इथं मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दहा टायर गॅरेजमध्ये होती तेव्हा चिपळूणच्या एका लोडसाठी ओळखीतली चौदा टायर भाड्यानं घेतली होती. मला घाट बघायचा होता म्हणून मी केबिनमध्ये बसले. उंब्रज, पाटण, कोयनानगरपर्यंत काही वाटलं नाही. चिपळूणला माल उतरवला, खाली लोट्याच्या बाजूला परतीचा पूर्ण लोड मिळाला आणि कुंभार्ली घाट चढायला घेतला. जुलैचा पाऊस, रस्त्यावरून पाण्याचा पाट. एका वळणावर समोरून एसटी आली, ड्रायव्हर मामांनी गाडी थांबवली. पुन्हा उचलताना मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. जळक्या रबराचा वास आत आला. क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायला धावला.

मामांनी डॅशबोर्डवरचा स्विच दाबला. हवेचा फस्स आवाज झाला, लिफ्ट वर गेली, मागचं टायर रस्त्याला चिकटलं आणि गाडी निघाली. शंभरेक फुटांवर त्यांनी लिफ्ट परत खाली घेतली. मला म्हणाले, "ताई, सहा एक्सल लावले तरी ओढणारा एकच हाय."

घरी येऊन मी त्याचा हिशेब केला. आमच्यासारख्या गाड्यांत मागच्या जोडीतलं एकच हाऊसिंग, म्हणजे एकच एक्सल, इंजिनाला जोडलेलं असतं, दुसरं नुसतं फिरतं. म्हणजे २१ टनांतले साडेदहाच टन ओढणाऱ्या चाकांवर. दहा टायरमध्ये ते एकूण वजनाच्या साडेसदतीस टक्क्यांवर येतात, बारा टायरमध्ये ३० आणि चौदा टायरमध्ये बरोबर २५. एक्सल वाढवत गेलो की माल वाढतो, पकड तेवढीच राहते. कोरड्या, सपाट रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. ओल्या घाटात किंवा साइटच्या चिखलात पहिल्यांदा तेच जाणवतं. खाणीतल्या टिपरला मागची दोन्ही हाऊसिंग चालणारी देतात ती याचसाठी, पण त्यांचं वजन आणि डिझेल आमच्या भाड्याला परवडत नाही.

आणि लिफ्ट वर घेऊन भरलेली गाडी पळवणं हा त्यावरचा उपाय नाही. मामांनी शंभर फूट केलं ते अडचणीत. काही जण टायर वाचवायला मैलोन्‌मैल तसेच जातात. मागच्या जोडीवर पाच टन जास्त आले की स्प्रिंगचे पाटे, बेअरिंग, ब्रेक सगळंच त्या भाराखाली चालतं. रस्त्याची झीज तर वजनाच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं वाढते, असं अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० दरम्यान ट्रक फिरवून केलेल्या चाचणीतून पुढं आलं. २१ च्या जागी २६ टन म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त. आपणच खड्ड्यांना शिव्या घालतो, तर निदान एवढं तरी पाळू या. ओव्हरलोडचा दंडही २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झाला आहे. एका दंडात खेपेची कमाई जाते.

मग आम्ही घेतली कोणती? चौदा टायर. कारण ती घाटासाठी घेतलीच नाही. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जालन्याहून मुंबईच्या बाजूला जाताना कसाऱ्याचा चढउतार टळला, बोगद्यातून गाडी सरळ निघते. त्या रस्त्यावर २५ टक्के पकड पुरते. जाताना तीस टन सळई, लिफ्ट खाली. येताना भंगार. भंगार फुगीर असतं, फाळक्यापर्यंत बॉडी भरली तरी सतरा-अठरा टनांच्या वर क्वचितच जातं. गाडीचे बारा धरले तर तीस. म्हणजे ३५ च्या आत, लिफ्ट उचलून बारा टायरवर नियमात येता येतं आणि दोन टायर अर्धा रस्ता घासत नाहीत. टोलला चार ते सहा एक्सल एकाच गटात असल्यामुळे बारा टायरपेक्षा जास्त भरावं लागत नाही.

पहिल्या खेपेला अण्णा काठी टेकत वजनकाट्यावर आले. पावती निघाली, ४१,७४० किलो. त्यांनी ती दोनदा वाचली, मग गाडीभोवती फिरून लिफ्टची दोन्ही टायर जमिनीला नीट टेकली आहेत का ते वाकून पाहिलं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, पण मी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात चिपळूणचा लोड आहे. तो बारा टायरवरच जाईल.