खान्देशात बसून समुद्राचे जिवाणू

खान्देशात बसून समुद्रातल्या जिवाणूंचा अभ्यास का आणि कसा करते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न मला नेहमीचा आहे. वर्गातली मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले मामा तर हमखास विचारतात, "पण आठे समुद्र शे कोठे?" खान्देशातल्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायची आणि डोकं खपवायचं समुद्रातल्या जिवाणूंच्या जनुकांवर, हे त्यांना पटत नाही. केळीच्या करप्यावर काही करा, कपाशीवर करा, असा त्यांचा आग्रह असतो.

माझं म्हणणं असं की किनाऱ्याजवळचा समुद्र जमिनीच्या जिवावर चालतो. मुलताईला निघालेली तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा येते, मग वाघूर, गिरणा, पांझरा, गोमाई. आपल्याकडच्या काळ्या मातीतलं लोह, शेतातलं खत, गावोगावच्या गटारांचं पाणी हे सगळं तिच्या पोटात जातं. आपल्याकडे घरटी एखादा तरी नातेवाईक सुरतेला उधना नाहीतर लिंबायतला असतो, तिथल्या किनाऱ्याशी आपलं तेवढंच नातं आहे असं लोक समजतात. मला वाटतं, खरं नातं पाण्यातलं आहे, आणि ते जिवाणूंच्या जनुकांत वाचता येतं.

सिनेकोकॉकस नावाचा एक जिवाणू घ्या. मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा. झाडासारखा सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो आणि जवळजवळ सगळ्या उबदार समुद्रांत सापडतो. समुद्रात तो असतो हे 1979 साली जगाला कळलं. त्याच्या दोन वाणांची तुलना मी दरवर्षी शिकवते. एक अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्राचा, जिथे पाणी निळंशार आणि उपाशी असतं. दुसरा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचा. पहिल्याचा संपूर्ण जनुकसंच 2003 साली प्रसिद्ध झाला, दुसऱ्याचा 2006 साली. लांबीत मोठा फरक नाही: एक डीएनएच्या सुमारे 24 लाख अक्षरांचा, दुसरा सुमारे 26 लाखांचा. फरक आहे तो कोणी काय बाळगलंय यात.

भर समुद्रातला, म्हणजे सारगॅसोचा, वाण कोरडवाहू शेतकऱ्यासारखा आहे. फॉस्फेटचा कण न कण ओढून घेण्याची त्याची तयारी जय्यत, बाकी संसार आटोपशीर. भोवतालचं पाणी आज जसं तसंच उद्या, त्यामुळे सारखी चाहूल घेत बसण्याची गरज नाही. परिस्थिती ओळखणारी प्रथिनं, म्हणजे पेशीच्या आवरणात बसून बाहेर काय चाललंय ते आत कळवणारी, त्याच्याकडे फक्त 5 आहेत. किनाऱ्यावरच्या वाणात ती दुपटीच्या आसपास. साहजिक आहे. तिथे भरती-ओहोटी आहे, नदीचा पूर आहे, आज गढूळ तर चार दिवसांनी नितळ, खारेपणा कमी-जास्त होतो, प्रकाशाचा रंगसुद्धा बदलतो. फॉस्फेट तिथे तुलनेनं मुबलक, म्हणून त्याच्यासाठीची धडपड कमी. त्याऐवजी भर धातूंवर आहे: लोह आत आणायचं, साठवून ठेवायचं, नको तो धातू बाहेर फेकायचा. भर समुद्रात लोह बरंचसं वाऱ्यावरच्या धुळीतून येतं आणि कायम कमी पडतं. किनाऱ्यावर ते नद्या आणि तळाचा गाळ पुरवतात, पण एका वेळी भरपूर आणि मग काहीच नाही असं. साठवण्याची सोय असलेल्यालाच त्याचा उपयोग.

तांब्याची गोष्ट मला यात सगळ्यात मोलाची वाटते. थोडं तांबं पेशीला लागतं, जास्त झालं की तेच विष, आणि सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या या जिवाणूंना ते फार लवकर बाधतं. किनाऱ्यावर तांबं गटारांतून येतं, बंदरातल्या बोटींच्या बुडाला दिलेल्या रंगातून येतं, शेतातल्या ताम्रयुक्त बुरशीनाशकांतूनही येतं. कॅलिफोर्नियाच्या त्या वाणाच्या जनुकसंचात काही पट्टे असे आहेत की त्यांची अक्षररचना आजूबाजूशी जुळत नाही. ते दुसरीकडून येऊन बसलेले आहेत. जिनोमिक आयलंड, जनुकांची बेटं म्हणतात त्यांना. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी अशा बेटांवरची काही जनुकं बंद पाडून पाहिली, तेव्हा जिवाणूची तांबं सोसण्याची ताकद घटली. म्हणजे किनाऱ्यावर टिकायला लागणारं बळ त्याच्याकडे निदान काही अंशी बाहेरून आलेलं आहे! जिवाणूंवर वाढणारे विषाणू एकाची जनुकं दुसऱ्यात नेतात, मेलेल्या पेशींचा डीएनए पाण्यात सुटतो आणि काही जिवाणू तो उचलतात, कधी एक जिवाणू दुसऱ्याला थेट देतो. आईकडून मुलाकडे एवढा एकच रस्ता आपल्या ओळखीचा, म्हणून हे पहिल्यांदा ऐकताना मुलं चक्रावतात.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगते, कारण "जुळवून घेतलं" म्हटलं की कोणीतरी ठरवून बदललं असं डोळ्यांसमोर येतं. एकही जिवाणू काही ठरवत नाही. समुद्राच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये काही लाख जिवाणू असतात, आणि सिनेकोकॉकससारखे तर चांगल्या दिवसांत साधारण रोज एकदा दुभंगतात. एवढ्या गर्दीत कुणाकडे एखादं उपरं जनुक येतं, कुणाचं बिघडतं. बहुतेक वेळा त्याचा काही फायदा नसतो. पण पाण्यात तांबं वाढलं, की ज्याच्याकडे तजवीज आहे त्याचीच पिल्लावळ उरते. उलटही घडतं. जे जनुक उपयोगी पडत नाही ते बाळगायलाही खर्च येतो, म्हणून उपाशी समुद्रात जनुकं गळत जातात. लोक प्रगतीचा अर्थ वाढ असा धरतात. मला या गळतीचं जास्त कौतुक वाटतं.

उकाईचं धरण झाल्यापासून तापीचा पुष्कळ गाळ तिथेच अडतो. त्याच्या बरंच आधी तापीवरच असलेलं हतनूर धरण गाळानं किती भरलंय ते भुसावळकरांना सांगायला नको. गाळ मागे राहतो, पण विरघळलेलं नत्र नि स्फुरद पाण्याबरोबर पुढे जातं. खाडीत पोचणाऱ्या शिदोरीचं प्रमाण असं माणसाच्या हातून बदलतं, आणि तिथला कोणता जिवाणू टिकेल हेही त्याबरोबर बदलतं. समुद्रात तयार होणाऱ्या अन्नाची सुरुवात अशाच जिवांपासून होते. त्यांना खाणारे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारी कोळंबीची पिल्लं, मग मासे. रावेर-यावलच्या केळीला किती खत द्यायचं हा प्रश्न मला म्हणूनच समुद्राचाही वाटतो, आणि मामांच्या आग्रहापासून मी फार लांब गेलेली नाही.

राहिलं एकच: समुद्र नसताना अभ्यास कसा करता? या दोन्ही वाणांचे जनुकसंच जेनबँकेत, म्हणजे जनुकांच्या माहितीच्या सार्वजनिक ऑनलाइन साठ्यात, फुकट उपलब्ध आहेत. साधा संगणक आणि बऱ्यापैकी इंटरनेट असलं की धुळ्यात बसून ते उतरवता येतात, शेजारी-शेजारी मांडता येतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी पहिलं काम तेच देते: दोन्ही फाइली उघडा, तांबं बाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकं शोधा, आणि ती बेटावर आहेत की मुख्य भागात ते सांगा. तुमच्या मुलीला यायचं असेल तर तिला पाठवा. आधी थोडं जीवशास्त्र वाचून आली तर बरं, संगणकाचं मी शिकवते.