बर्फाची सुट्टी आणि डीसींचा आदेश

आमच्या पोराला सध्या बर्फाचं वेड लागलंय, तेही बेळगावात राहून. मोबाईलवर बघतो ना, सकाळी उठून पडदा सरकवला की बाहेर सगळं पांढरं, आई सांगते आज शाळा बंद, आणि पोरं घसरगाड्या घेऊन बाहेर. झालं, तेव्हापासून एकच प्रश्न, "पप्पा, आपल्याकडं कधी पडणार?" आता काय सांगायचं. बेळगाव अडीच हजार फूट उंचीवर आहे, थंडी मस्त पडते, डिसेंबर-जानेवारीत आज्जी कानाला मफलर गुंडाळून बसते, पण पारा दहाच्या आसपास आला तरी आपण कौतुक करतो, बर्फाला शून्याच्या जवळपास तरी जायला नको का?

मला विचाराल तर त्याला बर्फ नकोच आहे. त्याला पाहिजे ती सकाळ, जेव्हा डबा भरलेला असतो, युनिफॉर्म घातलेला असतो आणि वरून कोणीतरी सांगतं की राहू दे. दिवाळीच्या सुट्टीत ती मजा नाही, ती कॅलेंडरवर आधीच छापलेली असते.

आणि ही सुट्टी आपल्याकडं आहे की! जुलैमध्ये. फक्त आकाशाच्या ऐवजी डीसी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, देतात. पाऊस लागून राहिला की रात्री पालकांच्या ग्रुपवर तेच चालू, आदेश आला का, कोणीतरी कन्नड पीडीएफ टाकतो, सगळे अंगठे दाखवतात, मग एकजण तारीख बघतो तर ती गेल्या वर्षीची. त्यात सुट्टी तालुक्याप्रमाणे. खानापूरला जाहीर, बेळगावला नाही, आणि इकडं पाऊस तर असा की समोरचं घर दिसत नाही. पोराच्या मते हा उघड अन्याय आहे.

अमेरिकेतली पोरं म्हणे बर्फ पडावा म्हणून रात्री पायजमा उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात आणि कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करतात. यानं तेच पावसासाठी केलं. फ्रीजचा ट्रे घेऊन बाथरूमकडं निघालेला आज्जीनं पकडला, "काय करूलालास रे?" तर म्हणतो डीसींसाठी. पायजमा उलटाच, खिसे दोन्ही बाजूला कानासारखे लोंबत होते. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन.

अर्थात हे लाड शहरातले. कणकुंबी, आमगावकडच्या पोरांना विचारा, तिकडं ओढ्याला पाणी चढलं की आदेश येवो न येवो, शाळा बंदच. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा सुट्टी मिळाली खरी, पण जिल्ह्यात कितीतरी शाळांच्या वर्गांत पूरग्रस्त मंडळी अंथरूण टाकून होती. त्या सुट्टीत कोणी मजा केली नसणार.

बर्फाच्या जवळ जाणारं आपल्याकडं एकच, गारा. आणि त्यांची गंमत बघा, त्यांना थंडी नाही, उन्हाळा लागतो. तापलेल्या जमिनीवरून हवा जोरात वर जाते, ढगातले थेंब पार वर उचलले जाऊन गोठतात, थरावर थर चढत जड होतात आणि मग वळवात पत्र्यावर ताडताड. शेजारच्या अक्का "आलिकल्लू, आलिकल्लू" ओरडत वाटी घेऊन अंगणात, आमचा पोरगा स्टीलचा तांब्या घेऊन मागे. एक गार तळहातावर घेऊन तो बघत राहिला, मधे पांढरट ठिपका, भोवती काच, आणि बघता बघता मनगटावरून पाणी. पण दिवस कुठले तर एप्रिल-मेचे! कर्नाटकातल्या शाळा तेव्हा आधीच बंद. म्हणजे आकाशातून बर्फ पडला आणि बंद करायला शाळाच नाही.

तरी त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं की न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी कोविडनंतर काही वर्षं बर्फाची सुट्टीच काढून टाकली होती, बर्फ पडला की पोरांनी घरी लॅपटॉपसमोर बसून शाळा करायची. 13 फेब्रुवारी 2024 ला असंच केलं तर सकाळी कितीजणांचं लॉगिनच होईना. पोरगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पप्पा, हे आपल्या डीसींना कोणी सांगितलं नाही ना?"