ऊसवाल्यांच्या घरात साखर बंद

आमच्या घरी साखर दुकानातून आणायची पद्धतच नाही. कारखान्याचे शेअर आहेत, सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते, ती पोत्यानं येते आणि डब्यात भरताना कुणी हात आखडता घेत नाही. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात ज्याच्या रानात ऊस, त्याच्या घरी हे असंच. पाव्हणा आला की च्या, च्या झाला की परत अर्धा कप. साखर कमी घातली तर घालणाऱ्याची दानत कमी पडली असं समजणारी माणसं आम्ही.

मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. वय चव्वेचाळीस. आईला मधुमेह होता, तिच्या पायाची जखम किती महिने भरली नव्हती ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून चाळिशीनंतर रक्त तपासून घ्यायची सवय ठेवली आहे. यंदाच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ६.२ आलं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. एचबीए१सीचं गणित डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर लिहून दिलं: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढं मधुमेह. म्हणाले, "टीचर, आज गोळी देत नाही. खाण्यातली साखर-पीठ कमी करा, चाला, आणि तीन महिन्यांनी परत करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, ही चाचणी त्यांच्यावर चढलेली साखर मोजते. पंधरा दिवसांत करून काही कळणार नाही."

घरी आले आणि मोबाईलवर लो-कार्बच्या, म्हणजे साखर-पीठ (कार्ब्स) कमी असलेल्या, पाककृती शोधल्या. बदामाच्या पिठाची पोळी, अव्होकॅडोचं सॅलड, फ्लॉवर किसून केलेला भात. अव्होकॅडो आमच्या आठवड्याच्या बाजारात कुठला? फ्लॉवरचा भात मात्र केला. आत्तींनी (माझ्या सासूबाईंनी) एक घास तोंडात घातला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "ह्ये म्हशीला घाल. ती बी खाईल का बघ आधी." तो प्रयोग तिथंच थांबला.

मग मी वर्गात जे करते ते केलं, म्हणजे मोजायला बसले. मुलीनं केक करायला आणलेला छोटा वजनकाटा होता. आमच्या आत्तींच्या हातची एक भाकरी म्हणजे ८० ग्रॅम जोंधळ्याचं पीठ. जोंधळ्याच्या पिठात शंभरात सत्तरच्या आसपास कार्ब्स, म्हणजे एका भाकरीत ५५ ग्रॅम. वर मूठभर वाटणारा भात काट्यावर ठेवला तर १५० ग्रॅम भरला. शिजलेल्या भातात शंभरात २८ धरा, म्हणजे ते ४० च्या वर. सकाळचे पोहे, डब्यातल्या दोन चपात्या आणि दिवसाचे पाच कप चहा धरून बेरीज केली तर अडीचशेच्या पुढं गेली. लो-कार्ब म्हणजे साधारण दिवसाला १३० ग्रॅमच्या आत. कीटोवाले तर ५० च्या खाली जातात, पण त्या वाटेला मी गेले नाही. घरात भाकरी थापायची आणि आपण तिचा वासच घ्यायचा, हे मला जमणारं नव्हतं.

चहाचं वेगळं मोजलं. आमचा चमचा काठोकाठ भरून चार ग्रॅम, कपाला दोन चमचे, पाच कपांचे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. ते पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मी नुसत्या चहात दीडपट घेत होते. गोडाधोडाचा हिशेब अजून केलेलाच नव्हता.

"मग गूळ घाल की," असं मला निदान निम्म्या गावानं सांगितलं असेल. हायवेवर तर ठिकठिकाणी 'गुळाचा चहा' अशा पाट्याच लागल्यात. आमच्याकडं गुऱ्हाळाची काहिली उकळते तेव्हा सगळी वाडी तिथं जमते, मलाही तो वास आवडतो. पण गूळ आणि साखर दोन्ही त्याच उसातनं येतात. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं राहतात हे खरं, तरी शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्सच. रक्ताला तो कुठल्या गुऱ्हाळातला हे कळत नाही. गोकाकच्या करदंटाचंही तेच: डिंक आहे, सुकामेवा आहे, म्हणून पौष्टिक म्हणायचं, आणि त्याला धरून ठेवणारा गूळ मोजायचाच नाही.

ताटाचं मात्र एका फटक्यात जमलं, कारण त्यासाठी नवीन काही आणावं लागलं नाही. आमच्याकडं भाकरीला कोरड्यास असतं. दीड-दोन भाकऱ्या, आणि त्या घशाखाली उतराव्यात एवढी भाजी. मी ते उलटं केलं: वाटीभर मटकी किंवा हुलग्याची उसळ, मोठी वाटी मेथी नाहीतर शेपू, वर शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, घट्ट दही, आणि या सगळ्याला लावून खायला अर्धी भाकरी. उसळीतही कार्ब्स असतात, वाटीला वीसेक ग्रॅम धरायचे; कडधान्य म्हणजे नुसतं प्रोटीन असं समजून तीन वाट्या हाणायच्या नाहीत. पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीचं धिरडं किंवा दोन अंडी. शाळेच्या डब्यात दोनाऐवजी एक चपाती, पण भाजीचा डबा मोठा. रविवारच्या मटणाला तर हात लावायचं कारणच नव्हतं, फक्त रश्श्याबरोबरचा भात गेला. "मटणात साखर न्हाई, ह्ये बरं झालं," हे म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या डाएटला घरातून पाठिंबा सुरू झाला.

भाताचं जड गेलं. आमच्यात जेवण भातावर संपतं. ताकभाताशिवाय हात धुतला तर जेवलेलं मोजत नाहीत. आत्ती रोज विचारायच्या, "भात न्हाई खाल्लास तर ज्येवल्यागत वाटतंय का गं तुला?" खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. मग मी भाताच्या जागी नुसतं ताक ठेवलं, जिरं-मीठ घालून, अगदी शेवटी. पोट भरलेलं होतंच; जेवण संपल्याची खूण तेवढी हवी होती.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, रात्री पोटऱ्या वळायच्या, आणि पाचवीच्या पोरांवर विनाकारण ओरडणं व्हायचं. कार्ब्स कमी झाले की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. म्हणून खारं ताक, पाणी आणि डाळीचं निवळ यांनी बराच फरक पडला. (ज्यांना रक्तदाबाची किंवा किडनीची गोळी चालू आहे त्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.) याच आठवड्यात वजन झपकन खाली आलं आणि स्टाफरूममध्ये माझं कौतुक सुरू झालं. ते बहुतेक पाणी होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. पुढं वजन फार सावकाश उतरलं, आणि कौतुकही तितकंच सावकाश.

चहातली साखर मी एकदम तोडली नाही. आधी एक चमचा, मग अर्धा, मग काही नाही. बिनसाखरेचा पहिला चहा मला भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला. गवती चहा आणि आलं ठेचून घातलं तेव्हा कुठं घशाखाली उतरला. काही आठवड्यांनी गंमत झाली: नुसत्या दुधाला गोडी आहे हे जिभेला कळायला लागलं. शंभर मिली दुधात पाच ग्रॅमच्या आसपास दुधाचीच साखर असते, ती इतकी वर्षं आमच्या दोन चमच्यांखाली दबून गेली होती. आता स्टाफरूमचा चहा तोंडात घेतला की पाकात बुडवल्यासारखं होतं.

बाहेर चहा नाकारणं मात्र घरापेक्षा अवघड. पालकांच्या घरी गेलं की "टीचर, अर्धा तरी" सुरू होतं. मी आधी "नको" म्हणायचे, त्यावर चर्चा व्हायची. नंतर उंबऱ्यातच सांगायला लागले, "बिनसाखरेचा कराल तर घेते." नकार नाही म्हणून कुणाला वाईट वाटत नाही, आणि वेगळं भांडं चढवायचं म्हणून निम्मी माणसं आपणहून पाणीच पुढं करतात. शेजारच्या शिवलीलाक्का आता मला लांबूनच हाक मारतात, "सक्री हाकिल्लरी, टीचर, बर्री!" म्हणजे कानडीत, साखर घातलेली नाही, टीचर, या!

हे बघून आमच्या ह्यांनाही हुरूप आला. त्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मी अडवलं. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं. गोळी तेवढीच ठेवून भाकरी-भात निम्म्यावर आणला तर साखर खाली कोसळू शकते, रानात पाणी पाजताना घेरी येऊन माणूस पाटात पडेल. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर धोका वेगळा, रक्तात आम्ल वाढण्याचा. डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी आधी ग्लिमेपिराइड निम्मी केली, घरी साखर तपासायचं मशीन घ्यायला लावलं, मग ताट बदललं. आत्तींना यात ओढायचं नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या वयात वजन आणि स्नायू टिकवणं महत्त्वाचं.

स्टाफरूममध्ये आमचे एक सर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं वेळापत्रक पाळतात: दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही नाही. त्यांची साखर त्यात सुधारली. मला दोन जेवणांच्या मधली ती उपासमार जमली नाही, त्यांना माझा वजनकाटा जमला नाही. दुपारच्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डब्यात डोकावतो आणि गप्प बसतो. पण आमच्या शाळेतलं बिसीऊट (पोरांचं दुपारचं जेवण) शिजवणाऱ्या बाईंनी विचारलं, "टीचर, आम्ही काय खायाचं? रेशनचा तांदूळ फुकट येतोय." तेव्हा मला पनीर म्हणायची लाज वाटली. त्यांना हुलगा, शेंगा, शेवगा आणि भाताला आताच्या निम्मी वाटी, एवढंच सांगितलं.

सगळ्यात फसवा निघाला उपवास. एकादशीला साबुदाणा म्हणजे शंभर ग्रॅममागं ८५ च्या वर कार्ब्स, जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरी त्यापेक्षा बरी, पण फार नाही. आता त्या दिवशी ताक, भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर आणि थोडी वरी. आत्ती म्हणतात की पहिल्यांदा या घरात उपवासाला उपास घडतोय.

बेळगावहून कुणी आलं की कुंदा येतोच. खवा आणि साखर आटवून तांबूस केलेला तो ऐवज माझ्यासमोर उघडला की मी एक चमचा घेते, जेवणानंतर लगेच, आणि डबा मुलांच्या खोलीत पाठवते. होळीला पुरणपोळी एक खाल्ली, तूप भरपूर घालून, कटाची आमटी दोन वाट्या; त्या दिवशी भाकरी-भात नाही. पाकीटबंद 'शुगर-फ्री' बिस्किटं मात्र आणत नाही. मागचं बारीक अक्षर वाचलं की पहिलाच शब्द मैदा.

नंतरच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी ५.८ आणि ट्रायग्लिसराइड १४२. ५.८ म्हणजे अजून उंबरठ्यावरच, डॉक्टरांनी तेही बजावलं. ह्यांची ग्लिमेपिराइड निम्म्यावरच आहे, मशीनवरचे आकडे वहीत उतरवणं माझ्याकडं. कारखान्याची साखर या वर्षीही उचलली, हक्काची आहे ती. त्यातलं निम्मं पोतं नणंदेकडं संकेश्वरला गेलं. तिच्या मुलीचं लग्न आहे, लाडू वळायला मलाच बोलावलंय.