तुरळक ठिकाणी

"मॅडम, तुरयक म्हंजे नाहीच ना जी?"

एप्रिलातल्या त्या शुक्रवारी सकाळी दहाला जवळच्या शिवारातल्या एका हळदवाल्या काकांनी फोनवर हे विचारलं. मी दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं, तरी ते अजून घशात अडकलंय.

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूरच्या बाजूला, एका लहान कृषी हवामान वेधशाळेत निरीक्षक आहे. काम म्हणजे नोंदी. सकाळी सात आणि दुपारी दोन, पण स्थानिक वेळेनुसार, म्हणजे इथल्या रेखांशाप्रमाणे. म्हणून आमचे सात घड्याळात साधारण सव्वासातला वाजतात. पाऊस मोजायचा साडेआठला. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आला, की त्यात पिकांचं काय करायचं ते आम्ही घालतो.

त्या आठवड्याचा अंदाज असा होता: पुढील काही दिवस तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर, पिवळा इशारा; त्यानंतर कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी वाढ. लोकांना शेवटचं वाक्य लक्षात राहतं. एप्रिलात ऊन वाढणार हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

'तुरळक ठिकाणी'ला आमच्याकडे नेमका अर्थ आहे: पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. शेतकऱ्याच्या कानाला मात्र तुरळक म्हणजे चार थेंब, तेही दुसऱ्याच्या शिवारात. उन्हाळ्यातलं वादळ अख्ख्या जिल्ह्यावर पसरत नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिला बंगालच्या उपसागराकडून आलेली थोडी ओल मिळते आणि दुपारनंतर एखादा ढग उभा राहतो. ज्याच्या खळ्यावर तो फुटतो त्याला तो पूर्ण शंभर टक्केच असतो. हे मी कोणत्याही सल्ल्यात लिहिलेलं नाही. लिहायला रकाना नाही.

काकांची दीड एकराची हळद शिजवून खळ्यावर पडली होती, आठवा दिवस. वायगाव हळद, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाळवायची पद्धत जुनीच. पातळ थर, दिवसातून दोनदा परतणी, रात्री झाकण. हळदीचं बोट मोडलं की कट्ट आवाज आला पाहिजे. लवलं तर अजून ओल आहे. मंगळवारी मी झाकायला सांगितलं, म्हणून त्यांनी दोन दिवस ताडपत्री टाकली. आभाळ कोरडं ठणठणीत. खाली हळदीला घाम सुटला, वास यायला लागला.

"दोन दिस झाकली, आता बुरशी धरते. तुरयक म्हंजे आपल्याकडं नाहीच ना?"

मी म्हणाले, "काका, तुरळक म्हणजे जिल्ह्यात एखाद्या ठिकाणी. आज सकाळी तरी काही दिसत नाही. ऊन देऊन घ्या, पण लक्ष ठेवा."

'लक्ष ठेवा' हे आम्ही स्वतःला वाचवायला म्हणतो.

सव्वादोनला स्टीव्हन्सन पेटीचं दार उघडलं. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीची ती पांढरी लाकडी पेटी, उत्तरेला उघडणारी, म्हणजे ऊन आत थेट पडू नये. कोरडा तापमापक ४१.२; ओला, म्हणजे ओली मलमल बांधलेला, २४.६. हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक मोठा. आधीचे तीन दिवस ओला २०-२१च्या घरात होता आणि दोघांतला फरक २१-२२ अंश. आज साडेसोळा. याचा अर्थ एकच, हवेत ओल शिरली आहे. ऊन तेच, घाम वेगळा.

मला ते तिथंच कळायला हवं होतं. पण मलमल आणि वात बदलण्याचं काम त्या आठवड्यात आमच्या सहकाऱ्याकडे होतं. तो नळाचं पाणी घालतो आणि ढगांचा आकडा कालचाच उतरवतो, हे मला माहीत आहे. मलमलीवर क्षार बसले की ओला तापमापक जास्त दाखवतो. पहिला संशय मलमलीवर गेला. नवीन कापड बांधलं, डिस्टिल्ड पाणी भरलं, पंधरा मिनिटं उभी राहिले. २४.५. म्हणजे कापडाचा दोष नव्हता. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी तरी वाया गेला.

नोंदवहीत आकडा लिहिला आणि सल्ला पाठवायची घाई होती म्हणून आत गेले. फोन खिशातच होता.

साडेचारला नैर्ऋत्येकडून काळं उठलं. आमच्याकडे धूळ, वारा, पत्र्यावर टपटप आठ-दहा थेंब. विजा लांबच्या. शनिवारी साडेआठला पर्जन्यमापक उपडा केला. मोजपात्राचा तळसुद्धा ओला झाला नाही. नियमाप्रमाणे 'लेश' लिहिलं, म्हणजे पडला पण मोजण्याएवढा नाही. चार किलोमीटरवर काकांच्या शिवारात बोराएवढ्या गारा आणि वीस मिनिटं सडसड पाऊस. कागदोपत्री अंदाज बरोबर ठरला, इशारा वेळेत होता आणि माझी नोंद अचूक आहे.

त्याच दिवशी स्कूटीनं गेले. खळ्यावर पिवळं पाणी साचून वाळलेलं, कडेनं रंगाची रेघ. हळद परत पसरली होती, निस्तेज. काकू परतत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. माझं भाषण तयार होतं, २५ टक्क्यांचं. दिलं नाही. काकांनी बसायला खाट ओढली.

"वारा सुटला तवा ताडपत्री घ्यायला धावलो जी. पन एकट्याच्यानं होते का?"

मग म्हणाले, "आज काय म्हणते तुमचा अंदाज?"

कोरडं, ऊन वाढेल, असं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

दुपारी सव्वादोनला ओला २०.८ होता. नोंदवही उघडायच्या आधी फोन लावला.

"काय झालं जी?"

"काही नाही काका. ओला वीसवर आलाय."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"वीस म्हंजे उघडीच ठेवू ना?"