बोर्ड नापास, आकडे मात्र खरे

टेस्टला नापास झालेले काही सर्किट बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर ठणठणीत निघत होते. सगळे नाहीत, अधूनमधून एखादा. दुरुस्तीवाले टेस्टिंगला दोष देत होते आणि टेस्टिंगवाले बोर्डांना. शेवटी मला बोलावलं.

मी एका नापास बोर्डाचा लॉग उघडला. ५ व्होल्टच्या रांगेत ०.००००२, ३.३ च्या रांगेत ५.०१, १.८ च्या रांगेत ३.२९. यातला एकही आकडा खराब नव्हता, प्रत्येक जण फक्त एक रांग खाली घसरला होता. व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरची एरर क्यू, म्हणजे त्याने स्वतः नोंदवलेल्या चुकांची यादी वाचली, तर तिथे ‘नो एरर’. म्हणजे आज्ञा लिहिण्यात चूक नव्हती.

बोर्डाला सप्लाय देण्याआधी टेस्ट घेणारा प्रोग्राम मीटरची शून्य तपासणी करायचा, १०० एनपीएलसीवर, म्हणजे विजेच्या १०० सायकल होईपर्यंत मोजत. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे या मोजणीला पूर्ण २ सेकंद लागणार. आणि प्रोग्रामचा टाइमआउटही नेमका २ सेकंद! मीटरने मध्येच रेंज बदलली की उत्तराला किंचित उशीर व्हायचा. प्रोग्राम थांबायचा नाही, पुन्हा ‘रीड?’ (मोजून आकडा दे) पाठवायचा. आता प्रश्न दोन, उत्तरंही दोन. पहिलं वाचून तो पुढे जायचा, दुसरं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहायचं. पुढे ५ व्होल्टची रेल (बोर्डावरची पुरवठ्याची लाइन) विचारली की हे शिळं शून्य हातात यायचं आणि तिथून प्रत्येक उत्तर आधीच्या प्रश्नाचं.

एससीपीआय या उपकरणांना आज्ञा देण्याच्या भाषेतली ही जागा मला सगळ्यात धोकादायक वाटते. ‘रीड?’ला उत्तर म्हणून नुसता आकडा येतो. तो कुठल्या प्रश्नाचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं. प्रश्न आणि उत्तर यांना बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे क्रम.

हाच प्रोग्राम आधी जीपीआयबी या उपकरणं जोडण्याच्या जुन्या पद्धतीवर चालायचा, तेव्हा ही तक्रार नव्हती. १९८७ च्या आयईईई ४८८.२ मानकाप्रमाणे, उत्तर न वाचता नवा प्रश्न आला तर उपकरणाने जुनं उत्तर टाकून द्यायचं आणि क्वेरी एररची नोंद करायची; एससीपीआयमध्ये ती −४१० ‘क्वेरी इंटरप्टेड’ अशी दिसते. पुढे टेस्टची उपकरणं असलेला रॅक लॅनवर आला, ५०२५ या पोर्टवरच्या साध्या सॉकेटने जोडला गेला, आणि हा आधार सुटला. आमच्या मीटरने दोन्ही उत्तरं इमानेइतबारे पाठवली.

तर्क पटवायला पुरावा हवा होता. टाइमआउट मुद्दाम दीड सेकंदावर आणला, म्हणजे घोटाळा दर वेळी होणार. शून्य तपासणी चालवली, थोडं थांबून मीटरला ‘स्टार आयडीएन?’ (तू कोण?) पाठवलं. उत्तरात मेक-मॉडेल यायला हवं होतं, आला व्होल्टेजचा आकडा. मग ‘रीड?’ पाठवलं, तर मेक, मॉडेल, सीरियल नंबर सगळं हजर! स्क्रीनसमोर उभ्या असलेल्या टेस्ट ऑपरेटरला यानंतर काही समजावून सांगावं लागलं नाही.

टाइमआउट १० सेकंद केला, पण खरा बदल दुसराच. उत्तर वेळेत आलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही. कनेक्शन बंद करून नवं उघडायचं, आधी ‘स्टार आयडीएन?’ला मीटरचं नाव येतं का ते पाहायचं आणि त्या बोर्डाची टेस्ट पहिल्यापासून घ्यायची. बाजूला काढलेले बोर्ड त्याच संध्याकाळी पुन्हा रॅकवर लावायला लावले. ज्यांच्या लॉगमध्ये आकडे सरकलेले होते, ते सगळे पास झाले.