लाल टोपण

आमच्या वॉर्डात एक जुना सौदा आहे. मल्याळी सिस्टरला नाताळची सुट्टी, मला दिवाळीची. गेल्या वर्षी ऐन दिवाळीत तिच्या आईचं ऑपरेशन निघालं, ती गावी गेली आणि ड्युटी लिस्टवर धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत माझ्या नावापुढे चार नाईट आल्या. रात्री आठ ते सकाळी आठ.

पहिली नाईट करून नरक चतुर्दशीला घरी आले तर पाट मांडलेला, उटणं कालवलेलं. आंघोळ, फराळ, मग पाहुणे. अकराला आडवी झाले तर सासूबाई दारातून म्हणाल्या, "सणाचं झोपतं का कोणी?" खाली पोरांच्या लवंगी माळा चालूच होत्या. झोप झाली जेमतेम अडीच तास. दुसऱ्या दिवशीही तेच.

दिवाळीत वॉर्ड रिकामा असतो हा गैरसमज आहे. ठरवून करायची ऑपरेशनं लोक पुढे ढकलतात हे खरं, पण धुराने दमा उसळलेले येतात, भुईनळ्याने हात भाजलेले येतात आणि करंज्या-लाडवांनी शुगर चढलेले तर रांगेने. नर्सिंग स्टेशनवर नातेवाइकांनी दिलेले फराळाचे डबे असतात. रात्री दोनला भूक म्हणून तीन अनारसे खाल्ले की तासाभराने पापण्या मिटायलाच लागतात. मी त्यावर चहा घ्यायचे, पाच वाजता आणखी एक. तोच चहा मग सकाळी घरी डोळा लागू देत नसे.

तिसरी रात्र लक्ष्मीपूजनाची. सव्वाचार वाजले होते. एका आजींची शुगर ४१२ आली, ऑर्डर होती १२ युनिट रेग्युलर इन्सुलिन. एरवी आमच्याकडे ४० ची वायल असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली बाटली; त्या रात्री फार्मसीतून १०० ची आली होती. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घेताना, मला ते सांगितलेलंही होतं. तरी हात सवयीने लाल टोपणाच्या सिरिंजकडे गेला. लाल म्हणजे ४० ची, १०० ला नारिंगी. लाल सिरिंजमध्ये १२ च्या रेघेपर्यंत १०० चं औषध भरलं की आत जातात ३० युनिट. गंमत म्हणजे मला झोप आलेली नव्हती. मी टक्क जागी होते, ऑर्डर नीट वाचली होती, रेघही बरोबर गाठली होती. इन्सुलिन दोघींनी तपासायचं असा नियम आहे म्हणून ज्युनिअर सिस्टरपुढे ट्रे धरला. ती इतकंच म्हणाली, "सिस्टर, टोपण लाल आहे."

सिरिंज टाकून दिली, नवी भरली. सकाळी इन्चार्ज सिस्टरना सांगून इन्सिडेंट फॉर्म भरला. लाज वाटली, पण त्या रागावल्या नाहीत. चौथ्या रात्रीसाठी त्यांनी एवढंच ठरवून दिलं की दोन ते चारच्या दरम्यान आम्ही दोघींनी आळीपाळीने वीस मिनिटं पडायचं, गजर लावून. त्याहून जास्त पडलं तर डोकं आणखी जड होतं, हे मी आधी तासभर पडून अनुभवलं होतं.

स्कूटी पार्किंगमध्येच ठेवून रिक्षा केली. आदल्या दिवशी सिग्नलला माझे डोळे मिटले होते आणि मागच्याच्या हॉर्नने उघडले होते, हे तोवर कोणाला बोलले नव्हते.

घरी आल्यावर सासूबाईंना १२ चे ३० कसे झाले असते ते सांगितलं. त्या स्वतः दोन वेळा इन्सुलिन घेतात. जास्त काही समजवावं लागलं नाही. "बाई गं," म्हणाल्या आणि खिडकीला जाड चादर लावायला लागल्या. त्या दिवशी साडेसहा तास झोपले. चौथ्या रात्री डब्यात फराळाऐवजी भाकरी-पिठलं होतं आणि शेवटचा चहा मी अडीचला घेतला. पाय तरीही दुखलेच. त्यावर मला काही सापडलेलं नाही.

भाऊबीजेला सकाळी सुटले आणि घरी येऊन झोपले ती थेट संध्याकाळपर्यंत. भाऊ चारलाच आला होता. दारावरच्या बेलचं बटण सासूबाईंनी बंद करून ठेवलेलं, त्यामुळे बराच वेळ जिन्यातच उभा होता. मग त्यांनीच त्याला आत घेतलं, स्वयंपाकघरात बसवलं आणि बजावलं, "चकली हळू खा, आवाज होतो."