दूरच्या ओळखीचे मोल
आज लिंक्डइनवर एका माजी सहकाऱ्यांशी दीर्घ काळानंतर संवाद झाला आणि त्यांच्या विभागातील, अद्याप जाहीर न झालेल्या एका पदाची माहिती मिळाली. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते की नोकरीची वार्ता बहुधा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते, कारण जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुतेक वेळा आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही फार जवळचे नसलेले परिचितच अधिक उपयोगी ठरले. म्हणूनच, नवी ओळख जोडताना कोरी विनंती न पाठवता त्या व्यक्तीच्या कामाचा नेमका उल्लेख करणाऱ्या दोन ओळी अवश्य लिहाव्यात, असे मला मनापासून वाटते. उद्या त्या माजी सहकाऱ्यांना माझ्या प्रकल्पांचा तपशील पाठवणार आहे.